उपग्रहाचा ताळा

फोनवर कुणी आपला नंबर सांगत असतं आणि नेमकी त्याच वेळी शेजारून एसटी जाते. आपण म्हणतो, "नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा." वाक्य इतकं साधं, पण माणसांचं निम्मं बोलणं त्याच्या आधारावर चालतं. यंत्रंही हेच करतात. मोबाइलवर एखादा फोटो उतरताना त्याचा तुकडा वाटेत हरवला, तर फोन मुकाट्याने पलीकडच्या यंत्राला कळवतो की हा तुकडा पोचला नाही, परत पाठव.

आकाशातल्या दिशादर्शक उपग्रहाला मात्र हे वाक्य कुणी ऐकवू शकत नाही. नकाशावर आपला निळा ठिपका दाखवणारा फोन उपग्रहाचं नुसतं ऐकतो. तो त्याला उत्तर देत नाही, देऊ शकतही नाही. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून बोलतात, आपल्या भारताच्या नाविक यंत्रणेचे सुमारे ३६,००० किलोमीटरवरून. खाली कोण ऐकतंय, किती जण ऐकताहेत, कुणाचा शब्द गळला, यातलं त्यांना काहीही कळत नाही. आपला संदेश ते एका लयीत म्हणत राहतात, दिवसरात्र.

मग ऐकताना चूक झाली तर ती दुरुस्त करायची कशी? एकच मार्ग उरतो. दुरुस्तीची सामग्री संदेशाच्या पोटातच बांधून पाठवायची. हजारो मैलांवरून आलेल्या फाटक्या संदेशाने आपलं ठिगळ स्वतःबरोबर आणायचं. हे कसं साधतं ते पहिल्यांदा समजलं तेव्हा मी बराच वेळ कागदावर शून्य-एक मांडत बसलो होतो. आजही तो कागद पुन्हा मांडावासा वाटतो.

आधी संकेत किती क्षीण असतो ते पाहू. उपग्रहावरून निघताना त्याची शक्ती जुन्या पिवळ्या बल्बच्या तोडीची असते. जमिनीवर पोचेपर्यंत ती अर्ध्या पृथ्वीवर पसरून जाते. एका वॅटचे एकावर सोळा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एक-दीड भाग फोनच्या अँटेनाला मिळतो. खुद्द रिसीव्हरमधले इलेक्ट्रॉन उष्णतेने जी खळबळ करतात, ती त्या संकेताच्या पट्ट्यात मोजली तर संकेताच्या सुमारे ५० पट भरते. म्हणजे गोंगाट मोठा आणि बोलणं त्याच्या तळाशी बुडालेलं.

तरीही ते ऐकू येतं, कारण उपग्रह एक बिट एकदाच उच्चारत नाही. जीपीएसच्या जुन्या नागरी संकेतात १,०२३ ठोक्यांची एक ठरलेली माळ असते. ती एका मिलिसेकंदात पूर्ण होते आणि एक बिट सांगून होईपर्यंत २० वेळा ओढली जाते. एका बिटासाठी २०,४६० ठोके झाले. रिसीव्हरकडे त्या माळेची प्रत असते. ती संकेतावर अचूक बसवून सगळ्या ठोक्यांची बेरीज केली, की गोंगाट आपसात कटतो आणि संकेत साठत जातो. उघड्या माळरानावर एवढ्यावर भागतं. तिथे चुका दुरुस्त करणाऱ्या कोडला फारसं कामच नसतं. कोडची परीक्षा होते ती झाडीखाली, घाटाच्या कड्याला लागून, उंच इमारतींच्या गल्लीत. तिथे संकेत आणखी शेकडो पटींनी मंदावू शकतो आणि मग बिट उलटे ऐकू येऊ लागतात. शून्याचा एक, एकाचं शून्य.

एखादा बिट उलटला तर बिघडतं काय? उपग्रह मुख्यतः दोन गोष्टी सांगत असतो. मी कुठे आहे, आणि माझं घड्याळ किती पुढे किंवा मागे आहे. जीपीएसच्या संदेशात घड्याळाची ही तफावत २२ बिटांच्या एका संख्येत बसवलेली असते. त्यातल्या सर्वांत शेवटच्या बिटाची किंमत सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही निम्म्याहून कमी आहे. तेवढ्या वेळात प्रकाश सुमारे १४ सेंटिमीटर जातो. हा बिट उलटला तर कुणाला पत्ताही लागणार नाही. पण त्याच संख्येतला पहिला बिट उलटला, तर घड्याळ सेकंदाच्या १,०२४व्या भागाने चुकतं आणि त्या उपग्रहापासूनचं अंतर सुमारे २९३ किलोमीटरने. मुंबई-पुणे अंतराच्या जवळपास दुप्पट! संख्या तीच, उलटलेला बिट एकच. त्याची जागा तेवढी वेगळी.

आपल्या भाषेत या दुखण्यावरच्या औषधाला फार सुंदर शब्द आहे: ताळा. जुने लोक मोठा गुणाकार केला की नवाचा ताळा पाहत. आकड्यांची बेरीज करत एका अंकावर यायचं आणि दोन्ही बाजू जुळतात का ते बघायचं. चेकवर रक्कम अंकी लिहून पुन्हा अक्षरी लिहितात, तोही ताळाच. मूळ माहितीत भर न घालणारी, पण तिच्यावर पहारा ठेवणारी जास्तीची माहिती. बिटांचा सर्वांत साधा ताळा असा: एकांची संख्या सम होईल असा एक बिट शेवटी जोडायचा. वाटेत एक बिट उलटला की संख्या विषम होते आणि चूक उघडी पडते.

मात्र नुसती उघडी पडते. कुठे झाली ते कळत नाही. नवाचा ताळा चुकला की सारा गुणाकार पुन्हा करावा लागायचा, तसंच.

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९४०च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड हॅमिंग नावाचे गणिती याच गोष्टीने वैतागले होते. तिथला रिलेवर चालणारा गणकयंत्राचा अवाढव्य संच शनिवार-रविवारी त्यांची गणितं करायचा. तेव्हा देखरेखीला कुणी नसायचं. यंत्राला ताळा पाहता यायचा, त्यामुळे चूक दिसली की ते हातातलं गणित टाकून पुढच्याकडे वळायचं. सोमवारी हॅमिंग येऊन पाहायचे तर काम झालेलं नाही. त्यांच्या मनात आलं, यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर ती कुठे झाली तेही का कळू नये? त्याचं उत्तर त्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलं.

ते उत्तर रांगोळीसारखं काढता येतं. एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं काढा. मधोमध तिन्ही वर्तुळांची सामाईक पाकळी, तिच्याभोवती दोन-दोन वर्तुळांच्या तीन पाकळ्या, आणि बाहेरच्या बाजूला एकेकट्या वर्तुळाचे तीन भाग. आतल्या चार पाकळ्यांत माहितीचे चार बिट मांडा. बाहेरच्या तीन भागांत ताळ्याचे तीन बिट असे भरा, की प्रत्येक वर्तुळातल्या एकांची संख्या सम होईल. आता सातांपैकी कोणताही एक बिट डोळे मिटून उलटा करा. काही वर्तुळांचा ताळा बिघडेल, काहींचा टिकेल. बिघडलेल्या सगळ्या वर्तुळांत असलेली आणि न बिघडलेल्या एकाही वर्तुळात नसलेली जागा एकच सापडते. चूक तिथे! अगदी ताळ्याच्या बिटालाच चूक झाली, तरी तीही अशीच सापडते.

यामागचं तत्त्व शब्दांमधल्या अंतराचं आहे. मराठीत 'शिर' आणि 'शीर', 'सुत' आणि 'सूत', 'दिन' आणि 'दीन' यांच्यात एका वेलांटीचं किंवा उकाराचं अंतर आहे. तिथे मुद्रणदोष झाला तर चूक झाली हेच कळत नाही, कारण चुकलेला शब्दही खराच असतो. उलट 'कोल्हाजूर' असं छापलं गेलं, तर वाचणारा न थांबता 'कोल्हापूर' वाचतो. त्या शब्दाच्या आसपास दुसरा खरा शब्दच नाही. भाषेला अशी मोकळी जागा ठिकठिकाणी आयती मिळालेली असते. कोड रचणाऱ्याला ती मोजूनमापून पाडावी लागते. हॅमिंगच्या रांगोळीत सात बिटांच्या १२८ माळा संभवतात, त्यांतल्या १६ 'खऱ्या'. प्रत्येक खरी माळ आणि तिच्यापासून एका चुकीवर असलेल्या सात, अशा आठांचं एक कुटुंब. १६ गुणिले ८ म्हणजे १२८. एकही माळ बेवारस राहत नाही आणि एकीवरही दोन कुटुंबांचा दावा नाही. असा हिशेब जुळतो तेव्हा गणितात सौंदर्य असतं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

१९७८ मध्ये पहिला जीपीएस उपग्रह गेला तो याच घराण्यातला ताळा घेऊन. त्याच्या संदेशातला प्रत्येक शब्द ३० बिटांचा, त्यात २४ माहितीचे आणि ६ ताळ्याचे. ताळा काढताना आधीच्या शब्दाचे शेवटचे दोन बिटही धरतात, त्यामुळे शब्द एकमेकांत साखळीसारखे अडकतात. हा ताळा मुख्यतः चूक ओळखण्यासाठी वापरतात. शब्द बिघडला की रिसीव्हर तो टाकून देतो आणि तीच माहिती पुन्हा येण्याची वाट पाहतो. ती दर ३० सेकंदांनी येते. जहाजाला आणि विमानाला एवढं थांबायला हरकत नव्हती. हातातल्या फोनवर नकाशा बघत गल्लीबोळांतून चालणारा माणूस तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

नाविकची रचना झाली तोवर काळ बदलला होता. इस्रोने या मालिकेतला पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला. नाविकच्या मूळ नागरी संकेतात वेगळ्याच जातीचा कोड आहे. तो समजून घ्यायला वेदपाठाची आठवण फार उपयोगी पडते. पाठशाळांत संहिता नुसती सरळ म्हणत नाहीत. क्रमपाठात शब्द जोडीने येतात: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. घनपाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, आणि मग पुढची जोडी. प्रत्येक शब्द शेजाऱ्यांच्या संगतीत अनेकदा येतो. एखाद्या जागी जीभ घसरली, तरी बाकीच्या जागा साक्ष देतात. कागदाशिवाय हजारो वर्षं मजकूर जपायचा तर दुरुस्ती मजकुराच्या आतच ठेवावी लागते, हे त्या लोकांनी अनुभवाने ओळखलं होतं. उपग्रहाचं गणित त्यांना ठाऊक होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. अडचण मात्र दोघांची एकच होती. मूळ सांगणाऱ्याला पुन्हा विचारता येत नाही.

नाविकच्या कोडमध्ये प्रत्येक बिट आपल्या आधीच्या सहा बिटांच्या संगतीत येतो. सात घरांची एक पट्टी कल्पा. नवा बिट पहिल्या घरात येतो, बाकीचे एकेक घर पुढे सरकतात, शेवटचा बाहेर पडतो. प्रत्येक सरकण्याला दोन ताळे काढले जातात. एक पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या आणि सातव्या घरांचा. दुसरा पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि सातव्या घरांचा. प्रक्षेपित होतात ते हे दोन ताळेच! मूळ बिट आपल्या मूळ रूपात कुठेच जात नाही. पट्टीतून जाता जाता तो पाच आणि पाच अशा दहा ताळ्यांवर आपला ठसा उमटवतो. त्यातले दोन-तीन गोंगाटात गेले, तरी उरलेले त्याची ओळख पटवतात.

नेमकी हीच घरं का? चौथ्याऐवजी पाचवं का नाही? सात घरांच्या पट्टीवर निवडी फार नसतात. त्या तपासून, कोणतेही दोन वेगळे संदेश निदान दहा जागी वेगळे पडतील अशी ही जोडी निवडली गेली. ती इतकी चांगली निघाली की ठिकठिकाणी तीच दिसते. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांत हीच घरं आहेत, तिथे दुसरा ताळा मुद्दाम उलटा करून पाठवतात, म्हणजे लांबलचक शून्यं आली तरी संकेत हलता राहतो. विमानांना मदत करणाऱ्या आपल्या गगन यंत्रणेत हीच घरं आहेत. आणि १९७७ मध्ये निघून आज २४ अब्ज किलोमीटरहून दूर गेलेल्या व्हॉयेजर-१ यानावरही हीच. आंतरतारकीय अवकाशातली हाक आणि घाटातल्या गाडीचा ठिपका एकाच पट्टीने सांभाळावा, ही गोष्ट मला दर वेळी नव्याने थक्क करते.

गुंफलेलं सोडवायचं कसं? रिसीव्हरला पट्टीतल्या आधीच्या सहा घरांची स्थिती माहीत नसते. ती ६४ प्रकारची असू शकते. ६४ चौकांचं शहर समजा. प्रत्येक ठोक्याला प्रत्येक चौकातून दोन रस्ते फुटतात आणि प्रत्येक चौकात दोन रस्ते येऊन मिळतात. उपग्रह त्यातल्या कोणत्या वाटेने गेला ते शोधायचं आहे. तीनशे ठोक्यांत वाटा इतक्या होतात, की विश्वातले अणू त्यापुढे कमी पडतील. अँड्र्यू व्हिटर्बी यांनी १९६७ मध्ये दाखवलं की सगळ्या वाटा धरून ठेवायची गरजच नाही. एका चौकात दोन वाटा मिळाल्या, की ऐकलेल्या संकेताशी जी कमी जुळते ती कायमची सोडून द्यायची. पुढे काहीही घडलं तरी तिला आघाडी परत मिळणार नसते. म्हणजे कोणत्याही क्षणी हातात फक्त ६४ वाटा. हे काम एक छोटी चिप सहज करते.

इथे आणखी एक खुबी आहे. चांगला रिसीव्हर ऐकलेल्या प्रत्येक ठोक्याला लगेच शून्य किंवा एक असा शिक्का मारत नाही. 'बहुधा एक', 'नक्की शून्य', 'काहीच सांगता येत नाही' अशी खात्रीची पायरीही तो जपून ठेवतो आणि वाटांची तुलना करताना तिचं वजन धरतो. अशा रीतीने हा कोड सोडवला, की साधारण तिप्पट शक्तीच्या प्रक्षेपणाइतका फायदा मिळतो. उपग्रहावर तिप्पट शक्ती म्हणजे मोठी सौरपटलं, जास्त वजन, जास्त खर्चाचा अग्निबाण. त्याऐवजी सात घरांची पट्टी आणि दोन ताळे.

किंमत मात्र मोजावी लागतेच. नाविकचा हा संकेत सेकंदाला ५० चिन्हं पाठवतो, पण प्रत्येक बिटामागे दोन चिन्हं जात असल्याने माहिती मिळते सेकंदाला २५ बिट. एक मराठी अक्षर साठवायला साधारण १६ बिट लागतात. म्हणजे हा उपग्रह सेकंदाला जेमतेम दीड अक्षर बोलतो. आपल्या चौथी-पाचवीच्या शुद्धलेखनाच्या तासाला बाईसुद्धा याहून भराभर सांगत असत.

व्हिटर्बीच्या पद्धतीचं एक दुबळेपण आहे. विखुरलेल्या चुका ती पचवते, पण ओळीने चुका आल्या तर तिची वाट चुकते. आणि रस्त्यावर चुका ओळीनेच येतात. शेजारून कंटेनर गेला, गाडी पुलाखालून निघाली, की सेकंदभराचा सगळा संकेत जातो. यावर नाविकमधला उपाय इतका साधा आहे की शाळकरी मूल चौकटीच्या वहीवर करून पाहील. एका तुकड्यातली ५८४ चिन्हं ८ ओळी आणि ७३ स्तंभांच्या चौकटीत वरून खाली लिहायची आणि पाठवताना डावीकडून उजवीकडे वाचायची. मूळ क्रमात शेजारी असलेली चिन्हं आता एकमेकांपासून लांब गेली. कंटेनरने सलग ५० चिन्हं खाल्ली, तरी रिसीव्हरने चौकट पूर्ववत केल्यावर ती भोकं सुमारे आठ-आठ घरांवर विखुरतात, आणि प्रत्येक भोकाच्या आजूबाजूला साक्षीदार शिल्लक असतात.

एवढं करूनही एक धोका उरतो. व्हिटर्बीची पद्धत नेहमी काही ना काही उत्तर देतेच. संकेत पार नासलेला असला, तरी ती ६४ वाटांतली त्यातल्या त्यात बरी वाट निमूटपणे पुढे करते. म्हणून सर्वांच्या आत आणखी एक २४ बिटांचा ताळा असतो. त्याचं काम दुरुस्ती नव्हे, ग्वाही. दुरुस्त झालेला संदेश खरंच खरा आहे का, एवढंच तो सांगतो. निव्वळ कचरा चुकून या ताळ्यातून पार होण्याची शक्यता १ कोटी ६७ लाखांत एक. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानात किशनगडला गगनच्या मार्गदर्शनाने एक प्रवासी विमान उतरवून पाहिलं गेलं. तशा वेळी वैमानिकाला सर्वांत जास्त गरज असते ती या ग्वाहीची. माहिती मिळाली नाही तर तो विमान पुन्हा वर घेईल. चुकीची माहिती खरी म्हणून मिळाली, तर वर घ्यायचं त्याला सुचणारच नाही.

आता कोड रचणाऱ्याच्या खऱ्या कोंडीकडे येतो. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये सिद्ध केलं होतं की कितीही गोंगाट असला, तरी एका ठराविक वेगाच्या आत राहिलं तर संदेश जवळजवळ बिनचूक पोचवता येतो. त्या सिद्धतेत असे कोड आहेत एवढंच आहे, ते कसे करायचे ते नाही. त्या सीमेजवळ जायचं तर संदेशाचे मोठमोठे गठ्ठे एकत्र बांधावे लागतात, कारण गठ्ठा मोठा झाला की गोंगाटाची सरासरी भरवशाची होते. पण सेकंदाला दीड अक्षर बोलणाऱ्याने मोठा गठ्ठा बांधायचा म्हणजे ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं. फोन सुरू करून उभ्या असलेल्या माणसाला ठिपका आत्ता हवा असतो. दूरदर्शनच्या किंवा इंटरनेटच्या कोडला हा पेच इतका जाचत नाही, तिथे लाखो बिट क्षणात जातात.

जीपीएसच्या एल१सी या नव्या संकेतात या पेचाची उकल फार विचारपूर्वक केलेली आहे. तो वाहून नेणारा पहिला जीपीएस उपग्रह डिसेंबर २०१८ मध्ये गेला. त्याचा एक गठ्ठा १८ सेकंदांचा, १,८०० चिन्हांचा. रचनाकारांनी आधी विचारलं, या गठ्ठ्यात दर वेळी बदलतं काय? जागा ठरवायला लागणाऱ्या माहितीत एकच गोष्ट: वेळ. उपग्रहाची कक्षा आणि घड्याळ सांगणारे आकडे साधारण दोन तास तेच राहतात. मग त्यांनी वेळ बाजूला काढली. तिला नऊ बिट पुरतात, कारण दोन तासांत १८ सेकंदांचे ४०० गठ्ठे येतात. या नऊ बिटांना त्यांनी तब्बल ५२ चिन्हांचं कवच दिलं. रिसीव्हरला सोडवायचंही काही नसतं. शक्य असलेल्या ४०० माळा एकेक करून लावून बघायच्या आणि सर्वांत जास्त जुळेल ती धरायची.

वेळ बाजूला काढल्याने कक्षा-घड्याळाच्या मोठ्या भागालाही वरदान मिळालं. तो आता दर १८ सेकंदांनी अक्षरशः तोच येतो. पहिल्या खेपेला झाडीमुळे नीट ऐकू आला नाही, तर ऐकलेलं फेकायचं नाही, दुसऱ्या खेपेचं त्याच्यावर ठेवून बेरीज करायची. लांबच्या देवळातली आरती वाऱ्यावरून तुटक ऐकू येते, पण रोज ऐकून ऐकून पाठ होते, तसं.

त्या ५२ चिन्हांच्या कवचामागची कथा शेतापासून सुरू होते. त्या जातीच्या कोडना ज्यांची नावं आहेत, त्यांत फ्रान्सच्या ऑकेंगेम यांच्याबरोबर राजचंद्र बोस आणि द्विजेंद्रकुमार रायचौधुरी हे दोन भारतीय आहेत. बोस यांचा जन्म १९०१ मध्ये होशंगाबादचा. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्यांनी शेतीच्या प्रयोगांची आखणी हा विषय हाती घेतला. बियाण्यांचे अनेक वाण कमी वाफ्यांत असे वाटायचे, की कोणत्याही दोन वाणांची गाठ सारख्याच वेळा पडावी. हा प्रश्न सोडवताना सान्त बीजगणिताची जी हत्यारं घडली, तीच पुढे एकमेकांपासून पुरेशा अंतरावर असलेल्या माळा निवडताना कामी आली. याच बोस यांचे विद्यार्थी शरदचंद्र श्रीखंडे, जे पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी १९५९ मध्ये ऑयलरचा पावणेदोनशे वर्षं टिकलेला एक अंदाज खोटा ठरवला. ते जगभर गाजलं. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी कोडरचनेवरही एक निबंध लिहिला, त्याची आठवण मात्र आपल्याकडे क्वचितच निघते. निघायला हवी. वाफ्यांची आखणी करणाऱ्यांच्या हातून आकाशातल्या घड्याळाचं कवच घडलं, ही आपल्याच घरातली गोष्ट आहे.

कक्षा-घड्याळाच्या त्या मोठ्या भागाचा कोड तेवढाच चकित करणारा. त्याची कल्पना रॉबर्ट गॅलेजर यांनी १९६० मध्ये एमआयटीतल्या प्रबंधात मांडली. ६०० बिटांचे १,२०० करायचे आणि त्यांच्यावर ६०० ताळे ठेवायचे. ६०० ओळी आणि १,२०० स्तंभांचा तक्ता मांडला तर घरं होतात ७ लाख २० हजार. त्यांतली जवळजवळ सगळी रिकामी. एकेका ताळ्यात मोजकेच बिट, एकेक बिट मोजक्याच ताळ्यांत. ही विरळताच त्याची ताकद आहे. सोडवताना प्रत्येक ताळा आपल्यातल्या बिटाला सांगतो, 'बाकीच्यांकडे पाहता तू एक असायला हवास.' बिट आपल्या सगळ्या ताळ्यांचं ऐकतो, स्वतः ऐकलेल्या संकेताचं वजन त्यात धरतो आणि आपली सुधारलेली खात्री त्यांना परत कळवतो. गावात एखाद्या बातमीची शहानिशा व्हावी तशा फेऱ्या होतात. प्रत्येकाला थोडंच माहीत असतं, पण काही फेऱ्यांत सगळं गाव एका उत्तरावर येतं. पुरता गोंधळलेला बिट शेजाऱ्यांच्या आधाराने सावरतो आणि पुढच्या फेरीत स्वतः कुणाला तरी सावरतो.

गॅलेजर यांच्या काळात एवढ्या फेऱ्या करायला संगणकच नव्हते. ही कल्पना तीस-पस्तीस वर्षं बहुतेकांच्या विस्मरणात गेली. १९९३ मध्ये फ्रान्समधल्या बेरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खात्रीची अशीच देवाणघेवाण करणारे टर्बो कोड मांडले आणि ते शॅननच्या सीमेला जवळजवळ भिडले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच केंब्रिजचे डेव्हिड मॅके आणि त्यांचे सहकारी रॅडफर्ड नील यांनी गॅलेजरची रचना नव्याने उजेडात आणली. आज जीपीएसच्या एल१सी संकेतात, चीनच्या बायडूत आणि २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून सुरू झालेल्या नाविकच्या एल१ संकेतातही तिच्याच वंशातले कोड आहेत. त्या एल१ संकेतातली उपग्रहांना ओळख देणारी ठोक्यांची माळही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. विजय कुमार आणि इस्रोचे अभियंते यांच्या संशोधनातून आलेली, इथेच घडलेली आहे.

गॅलिलिओने जुन्या संदेशाला अलीकडे जी जोड दिली, तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. कक्षेची आणि घड्याळाची माहिती तिथे चार शब्दांत विभागलेली असते. त्यांच्या जोडीला आता आणखी चार पूरक शब्द येतात. आठांतले कोणतेही चार हाती लागले, की मूळ चारही उभे राहतात. मूळ चारांतला एकही ऐकू आला नाही आणि नुसते पूरक चार मिळाले, तरी! रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये दिलेलं हे गणित गाण्यांच्या सीडीवरचे ओरखडे भरून काढायचं. आता ते उंच इमारतींमधून चालणाऱ्याला, जे कानावर पडेल त्यातूनच वाट दाखवतं.

नाविकच्या मूळ संकेतात प्रत्येक तुकड्याच्या शेवटी सहा शून्यं जोडलेली असतात. त्यांच्यात माहिती काहीच नसते. मागचे सगळे बिट सरकून सात घरांची पट्टी रिकामी व्हावी आणि ६४ चौकांतली वाट आपल्या घरी यावी, एवढ्यासाठी ती असतात. मग पुढच्या तुकड्याच्या आरंभी १६ बिटांची एक ठरलेली खूण येते: १११०१०१११००१००००. तिला कोणतंही कवच नाही, कोणतीही गुंफण नाही, कारण सगळं गुंफलेलं उलगडायला सुरुवात कुठून करायची ते आधी हिच्यावरूनच कळतं. दर १२ सेकंदांनी ती येते. वरंधा घाटाच्या एखाद्या वळणावर फोनमधली चिप याच सोळा ठोक्यांसाठी कान लावून असते. ते ऐकू आले की ती मोजायला लागते, पुढची ५८४.